नोकरी सांभाळून रुग्णसेवा : आठवड्यातील दोन तासांचा हिशेब

देणगीचा धनादेश देऊन झाल्यावर कित्येक हितचिंतक निघता निघता दाराशी थांबतात आणि संकोचाने विचारतात, "प्रत्यक्ष काही काम करता येईल का? नोकरीमुळे वेळ मात्र फारसा मिळत नाही." विचारणाऱ्यांत बँकेतील अधिकारी असतात, शाळेतील शिक्षिका असतात, हिंजवडीला जाण्यायेण्यात दिवसाचे दोन-तीन तास घालवणारी तरुण मंडळी असतात. दाराशी उभ्याउभ्या या प्रश्नाचे उत्तर नीट देता येत नाही, म्हणून ते या अहवालात देत आहोत.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. धोंडो केशव कर्वे १८९१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९१४ साली निवृत्त झाले. अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना १८९६ सालची, हिंगण्याच्या माळावरील झोपडी १९०० सालची. म्हणजे ही सारी उभारणी त्यांनी नोकरीत असतानाच केली. महाविद्यालयातील काम आटोपले की ते हिंगण्याची वाट धरीत. धड रस्ता नव्हता, वाहन नव्हते. आश्रमाला लागणारे सामानही पुष्कळदा तेच वाहून नेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गावर हजर. तो परिसर आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो आणि तेथे रिक्षाने जातानाही आपण रहदारीबद्दल कुरकुरतो. अण्णासाहेबांची बरोबरी कोणी करावी, असे आम्ही सुचवीत नाही. त्यांच्या दिनक्रमातील एकच गोष्ट येथे उपयोगाची आहे : त्यांची जाण्याची वेळ ठरलेली होती.

आमच्याकडे येणाऱ्या दहापैकी नऊ जण "रविवारी येतो" असे म्हणतात. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद, समाजसेवा विभाग बंद आणि वॉर्डात भेटणाऱ्यांचीच गर्दी! खरी निकड असते ती कामाच्या दिवशी सकाळी, परगावचे रुग्ण पहिल्या एस.टी.ने येऊन केसपेपरच्या रांगेत उभे राहतात तेव्हा. आणि संध्याकाळी, रुग्णाजवळचा एकुलता एक नातेवाईक औषधे आणायला किंवा डबा घ्यायला जातो तेव्हा. वरवर पाहता या वेळा नोकरदाराला गैरसोयीच्या वाटतात. परंतु नोकरी करणाऱ्या सर्वांचे घड्याळ एक नसते. भोसरी-चिंचवड भागातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. दुसऱ्या पाळीच्या कामगाराची सकाळ मोकळी असते. बँका दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बंद असतात, लक्ष्मी रस्त्यावरील पुष्कळ दुकाने सोमवारी. म्हणून आम्ही आता इच्छुकाला 'आपणांस काय करावयास आवडेल' हे नंतर विचारतो. आधी त्याची सुटी आणि पाळी विचारतो.

या वेळांत करावयाचे पहिले काम कागदपत्रांचे. ते दिसायला रुक्ष आहे, पण त्यावर एखाद्या कुटुंबाची शेती किंवा दागिने वाचणे अवलंबून असते. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. पहिल्यांना उपचार मोफत, दुसऱ्यांना सवलतीत. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. मुळशी, भोर, जुन्नर भागांतून रुग्णाला घाईघाईने घेऊन निघालेल्या माणसाच्या खिशात यांतले बहुधा काहीच नसते. योजना आहे हेच मुळी त्याला ठाऊक नसते आणि विचारावयाचा धीर होत नाही. अशा वेळी शेजारी बसून 'कोणता कागद घरी आहे, तो कोण आणू शकेल, तोवर कोणता चालेल' हे शांतपणे सांगणारा माणूस हवा असतो. रोज कार्यालयात अर्ज आणि नोंदी हाताळणाऱ्याला हे काम सहज जमते. आमच्या समाजसेवा विभागातील कर्मचाऱ्यांना एका रुग्णामागे इतका वेळ देता येत नाही, हे येथे प्रांजळपणे नमूद करावेसे वाटते.

दुसरे काम रक्तदानाचे. पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात बंद झाली. तेव्हापासून सारी भिस्त ऐच्छिक रक्तदात्यांवर आणि नातेवाइकांवर आहे. जयंत्या आणि वर्धापनदिनांना शिबिरे इतकी होतात की, रक्तपेढ्यांना जागा पुरत नाही. मात्र मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुटीत, महाविद्यालये बंद आणि लोक गावी गेलेले असताना, टंचाई ठरलेलीच. लाल पेशी साधारणपणे पाच-सहा आठवडे टिकतात, म्हणजे फेब्रुवारीतले रक्त मे महिन्याच्या मध्याला उपयोगी पडत नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, सुटी असो वा नसो. कार्यालये मे महिन्यातही चालूच असतात. आपल्या कार्यालयाचे शिबिर वर्धापनदिनाऐवजी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात ठेवण्यास वरिष्ठांना राजी करणे, ही नोकरदाराने करण्याजोगी मोठीच सेवा होय. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्तदान करता येते.

प्लेटलेटची गोष्ट याहून नाजूक. त्या पाचच दिवस टिकतात, त्यामुळे त्यांचा साठा करून ठेवता येत नाही. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की, दूरध्वनी करावा आणि दाता तासाभरात यावा, अशी वेळ येते. यंत्राद्वारे केवळ प्लेटलेट काढून घेऊन उरलेले रक्त दात्याला परत दिले जाते. त्यास तास-दीड तास लागतो. आधीच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी. कार्यालय रुग्णालयाजवळ आहे, अशा आठ-दहा जणांची यादी रक्तपेढीजवळ असणे फार मोलाचे ठरते.

आता एक अप्रिय गोष्ट. स्वयंसेवक येत नाही त्या दिवशी काय होते, हे तो पाहत नाही. आमच्या स्त्री-वॉर्डातील एका आजींना दर बुधवारी संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवण्यासाठी एक गृहस्थ येत. तीन बुधवार आले, चौथ्या बुधवारी कार्यालयात काम निघाले. आजी चष्मा पुसून, उशीला टेकून आठ वाजेपर्यंत बसून राहिल्या, आणि वॉर्डातील मावशींनी आणलेले ताटही त्यांनी बराच वेळ बाजूला ठेवले. त्या गृहस्थांना दोष देण्याचा हेतू नाही; कळवण्याची व्यवस्था आम्हीच केलेली नव्हती. ती आता केली आहे.

काही बंधने अटळ आहेत. मलमपट्टी करणे, औषधाविषयी सल्ला देणे, रुग्णाचे छायाचित्र काढणे, त्याच्या आजाराची बाहेर चर्चा करणे या गोष्टी स्वयंसेवकास करता येत नाहीत. सर्दी-खोकला असल्यास वॉर्डात येऊ नये. हात धुण्याची पद्धत प्रथम शिकवली जाते. ती आपणांस येते, असे प्रत्येकाला वाटते!

ज्यांना येणेच अशक्य आहे त्यांनी आहाराची पत्रके सोप्या मराठीत लिहून द्यावीत किंवा हिशेबाच्या कामात हातभार लावावा. कंपन्यांतील मित्रांसाठी एक खुलासा : २०१३ च्या कंपनी कायद्याखालील सामाजिक दायित्वाच्या खर्चात कर्मचाऱ्यांच्या सेवेचे तास पैशात मोजून दाखवता येत नाहीत. तरीही आठवड्यातून एकदा दोन तास लवकर निघण्याची मुभा मिळाली, तर आमची संध्याकाळची अडचण बरीच सुटेल.

प्रारंभ तीन महिन्यांपुरता करावा, वार आणि वेळ एकच ठेवावी. समाजसेवा विभागात नाव नोंदवताना कार्यालयाची पाळी आणि साप्ताहिक सुटी आवर्जून लिहावी. येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत वॉर्डातील सिस्टरांना कळवावे, म्हणजे त्यांना बदली माणूस पाहता येतो आणि रुग्णाला तसे सांगून ठेवता येते.