माहीत नाही, सर

बूट माझे आहेत, पाय मेहकरच्या पोराचे. आठ नंबरच्या बुटात त्याचा सात नंबरचा पाय हलतो, म्हणून तो पुढच्या टोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबतोय. अग्रलेख कापून घेतल्यावर उरलेला कागद आहे. आमच्यात अग्रलेख कुणी बुटात घालत नाही.

नवी पेठेतल्या अभ्यासिकेचा तिसरा मजला, रविवारची संध्याकाळ. बाहेरच्या हॉलमध्ये पन्नासेक माना खाली आहेत, आवाज फक्त पंख्यांचा. मागच्या खोलीत टेबलावर कुणाच्या तरी कॉटवरची चादर अंथरून सराव मुलाखतीचं पॅनल तयार केलंय. मधे निवृत्त तहसीलदार सर, डावीकडे कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम आणि उजवीकडे दोन वर्षांपूर्वी याच हॉलमधून पोस्ट काढून गेलेला, सध्या सुटीवर आलेला दादा. माझ्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. मुख्य परीक्षेत दोनदा अडकलेल्या माणसाला एवढंच काम मिळतं. मी ते मन लावून करतो.

राज्यसेवेची मुलाखत पूर्वी १०० गुणांची असायची, नव्या वर्णनात्मक पद्धतीत ती २७५ची झालीय. लेखीचे १७५० गुण आहेतच, पण ते पेपर कधीच लिहून झालेत. आता त्यात काही हलवता येत नाही.

"आत येऊ का सर?"

"या."

तो येतो, नमस्कार करतो आणि कुणी सांगायच्या आत बसतो. मॅडम त्याला परत दाराबाहेर पाठवतात. दुसऱ्या खेपेला तो खुर्ची फरफटत ओढतो, पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा जमतं, पण तोवर शर्ट पाठीला चिकटलाय.

"पसंतीक्रमात उपजिल्हाधिकारी पहिलं का?"

"सर, तळागाळातल्या शेवटच्या घटकापर्यंत..."

सर हात वर करतात. "हा शेवटचा घटक आज चौथ्यांदा आला. पुढे."

पुढे लोणार येतं. बुलढाणा जिल्ह्याचा उमेदवार म्हटल्यावर ते यायचंच, आणि मेहकरला तर तो शेजारचाच तालुका. पोरगा खुलतो. बेसॉल्ट खडकात उल्कापातानं झालेलं विवर, खारं अल्कधर्मी पाणी, जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा आघारकर संस्थेनं केलेली तपासणी, क्षारप्रेमी सूक्ष्मजीव, त्याच वर्षी मिळालेला रामसरचा दर्जा. एकदाही अडखळत नाही. दादा माझ्याकडे बघून भुवया उडवतो.

"सरोवराची खोली किती?" सर सहज विचारतात.

"दीडशे मीटर सर."

मी घड्याळ बघतो. दोन सेकंदही घेतले नाहीत.

"पाण्याची की विवराची?"

"पाण्याची सर."

"तुम्ही खाली उतरलायत कधी?"

"दरवर्षी जातो सर."

"मग दीडशे मीटर पाणी बघितलंत?"

तो गप्प. काठापासून तळापर्यंत विवर शे-दीडशे मीटर खोल आहे, पाणी तळाशी आहे ते काही मीटरच. हे त्याच्या पायांना ठाऊक आहे, पण पाठ केलेला आकडा जिभेवर आधी आला.

"सॉरी सर, आत्ता आठवत नाहीये."

"आठवत नाही म्हणजे येत होतं, असं सांगायचंय ना?" मॅडम म्हणतात. "माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा."

मला गंमत वाटते. पूर्वपरीक्षेला हाच पोरगा ओएमआर शीटवर वीसेक गोल कोरे ठेवून आला होता. चुकलं की प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा जातो, म्हणून सोडून द्यायचं कसं याचाही इथे सराव होतो. कागदावर जमतं ते. समोर तीन माणसं बसली की कोरा गोल तोंडानं दाखवायचा कसा, हे कुठल्याच क्लासच्या नोट्समध्ये नाही.

"म्हणा बघू," सर सांगतात.

"माहीत नाही सर, पण मी अंदाजे..."

"पण नको."

"क्षमस्व सर, याबाबत मला पुरेशी माहिती..."

"भाषण नको."

सातव्या-आठव्या खेपेला त्याच्या तोंडून नुसतंच "मले माहीत नाही सर" निघतं आणि तो जीभ चावतो. पुण्यात चार वर्षं घासूनपुसून काढलेलं 'मले' नेमकं आत्ता बाहेर आलंय.

"हां," सर म्हणतात. "मला तेवढं करा. बाकी बरोबर."

पंचवीस मिनिटं, चाळीस सेकंद. मी आकडा लिहून ठेवतो.

खाली टपरीवर तो फाईल उघडून सनद, अधिवास, जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर पुन्हा मोजतो. नॉन-क्रिमीलेअरवरची तारीख मला दाखवतो, मग दादाला, मग परत मला. चहा निवतोय. तेवढ्यात फोन वाजतो. गावाकडून.

"हो बाबा. झाली प्रॅक्टिस." पलीकडचं मला ऐकू येत नाही. तो बुटाच्या टोकाकडे बघतोय.

"मस्त होईन. पोस्ट पक्की समजा."

घड्याळ खिशात आहे, पण दोन सेकंदही लागलेले नाहीत. फोन ठेवून तो चहा एका घोटात संपवतो आणि तिथेच वाकून बोळा नीट करायला लागतो.