मुळांना फांद्या कोठे फुटतात?

साताऱ्याच्या माण-खटाव भागात किंवा सांगलीच्या जत-आटपाडीकडे थंडीत गेलात, तर शेतात शाळू उभा दिसेल. शाळू म्हणजे रब्बी ज्वारी. तिची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. पुढे पाऊस फारसा नसतो. काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवरच पीक काढायचे! घरची भाकरी आणि जनावरांचा कडबा, दोन्ही त्या ओलीवर अवलंबून. ओल कमी होऊ लागली की जमिनीला भेगा पडतात. एका बाजूला ओलसर माती, दुसऱ्या बाजूला भेगेतील हवा, अशा जागी मूळ काय करत असेल?

मुख्य मुळाला बाजूने ज्या फांद्या फुटतात, त्यांना पार्श्वमुळे म्हणतात. त्या मुळाच्या सालीतून नव्हे, तर आतल्या 'परिरंभ' नावाच्या थरातून निघतात. या थरातील ठराविक पेशी विभागू लागतात आणि नवे मूळ साल भेदून बाहेर येते.

पेशींना हा आदेश देते ऑक्सिन हे संप्रेरक. एरवी एक रोधक प्रथिन 'एआरएफ-७' या प्रथिनाला अडवून धरते. ऑक्सिन साठले की रोधक प्रथिन नष्ट होते. मग मोकळे झालेले एआरएफ-७ 'एलबीडी-१६' या जनुकाला जागे करते आणि पार्श्वमुळाची सुरुवात होते.

मग ओलीचा संबंध कोठे आला? मूळ ओल्या पृष्ठभागाला टेकले असेल, तर पार्श्वमुळे ओल्या बाजूलाच फुटतात, हे २०१४ साली दाखवण्यात आले. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहानशा रोपात, तसेच मका आणि भात यांतही हे आढळले. त्याचे कारण २०१८ साली अरॅबिडॉप्सिसमध्ये सापडले. कोरड्या बाजूच्या पेशींत एआरएफ-७ला 'सुमो' नावाचे एक छोटे प्रथिन चिकटते. त्यामुळे रोधक प्रथिनाची पकड घट्ट होते, एलबीडी-१६ झोपलेलेच राहते आणि त्या बाजूच्या फांदीला खीळ बसते. ओल्या बाजूला असा अडथळा नसतो. म्हणजे जनुके दोन्ही बाजूंना तीच. फरक पडतो तो प्रथिनांमुळे!

हे तुम्हीही पाहू शकता. काचेच्या पट्टीवर ओला टीपकागद लावा. मोड आलेला मक्याचा दाणा त्यावर असा बसवा, की मूळ कागदाला टेकून खाली वाढेल. पट्टी झाकणाच्या बरणीत उभी ठेवा आणि कागद वाळू देऊ नका. काही दिवसांनी पार्श्वमुळे मोजा. कागदाच्या बाजूला किती आणि हवेच्या बाजूला किती?

कोरड्या बाजूला फांद्या काढून रोपाने आपले अन्न वाया घालवले असते, तर कणसात भरायला तेवढे कमी उरले असते. म्हणूनच दुष्काळी भागासाठी नवे वाण निवडताना ताटाची उंची आणि कणसाचा आकार यांबरोबर जमिनीखालची मुळेही पाहावी लागतात.