शाहू महाराजांचं मंत्रिमंडळ आणि आपलं नवापूर

१७२१ मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट वॉल्पोल यांच्या हाती ब्रिटिश मंत्रिमंडळाची सूत्रं आली. त्या सुमारास साताऱ्यात छत्रपती शाहूंचं अष्टप्रधान मंडळ कारभार पाहत होतं. त्याचा एक धागा थेट नंदुरबार जिल्ह्यात येतो!

🔸 १७१३ : पेशवे बहिरोपंत पिंगळे कान्होजी आंग्रे यांच्या कैदेत सापडले. पेशवेपद बाळाजी विश्वनाथांकडे गेलं.
🔸 १७१७ : खंडेराव दाभाडे सेनापती झाले. खानदेश-गुजरात हे त्यांचं कार्यक्षेत्र.
🔸 त्यांच्याच हाताखालच्या पिलाजी गायकवाडांचं सुरुवातीचं ठाणं होतं नवापूर. पुढे त्यांनी शेजारचं सोनगड गाठलं.
🔸 १ एप्रिल १७३१ : गुजरातच्या हक्कांवरून पेशवे आणि सेनापती, म्हणजे एकाच राजाचे दोन प्रधान, डभईजवळ एकमेकांशी लढले. पेशवे पहिले बाजीराव यांची सरशी झाली, खंडेरावांचे पुत्र सेनापती त्रिंबकराव मारले गेले.

शाहूंनी त्रिंबकरावांचे धाकटे भाऊ यशवंतराव यांना सेनापती केलं, पण ते अल्पवयीन. त्यामुळे कारभार मुतालिक (म्हणजे प्रतिनिधी) पिलाजींकडे आला. सेनापतीपदाचं वजन ओसरलं, पेशव्यांचं वाढलं आणि नवापुरातून निघालेले गायकवाड पुढे बडोद्याचे राजे झाले.

नवापूरकरांनो, तुमच्याकडे गायकवाडांबद्दल काही ऐकिवात असेल तर जरूर लिहा!

#नंदुरबार #नवापूर #मराठ्यांचा_इतिहास