पंचमीचा झोका आणि खेळाची मुभा

सोलापूर जिल्ह्यातील खेड्यांत नागपंचमीच्या सुमारास चिंचेच्या किंवा कडुनिंबाच्या एखाद्या दणकट आडव्या फांदीला जाड दोर बांधला जातो, आणि माहेरपणाला आलेल्या लेकी, त्यांच्या वहिन्या, क्वचित आयादेखील त्यावर उभ्या राहून, गुडघे वाकवीत आणि पुन्हा ताठ होत, तो झोका असा काही चढवीत नेतात की खाली उभी असलेली लहान मुलेच भयचकित होऊन पाहत राहतात. वरच्या टोकाला पोटात गोळा येतो, तोंडातून किंचाळी निघते आणि तिच्या पाठोपाठ हसण्याची उकळी फुटते. एरवी वर्षभर जिचा आवाज उंबरठ्याबाहेर जाऊ नये अशी घराची अपेक्षा असते, तिच्याच कंठातून हा आवाज निघतो, तेव्हा तिच्या शरीरात आणि मेंदूत नेमके काय घडत असते, आणि ते वर्षातून एकदाच का घडावे, हा प्रश्न शास्त्राने आस्थेने विचारण्याजोगा आहे.

झोक्याचे गणित सरळ आहे. दोर सहा मीटर लांबीचा असेल तर एका पूर्ण हेलकाव्याला पाच सेकंदांच्या आसपास वेळ लागतो, मग त्यावर सडपातळ नवी सून उभी असो की अंगाने भारी अशा आत्याबाई. झोका उभ्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत चढला, तर टोकाच्या क्षणी पायांखालच्या फळीवर शरीराचा भार निम्माच पडतो, आणि सर्वांत खालच्या बिंदूवरून जाताना तो दुप्पट होतो; म्हणजे पन्नास किलो वजनाच्या स्त्रीला, सुमारे सव्वा सेकंदाच्या अंतराने, आपण पंचवीस किलोंच्या झालो आणि लगोलग शंभर किलोंच्या झालो असा अनुभव येत राहतो. खालून जाताना ताठ व्हायचे आणि टोकाला पोहोचताच बसायचे, हे झोका चढवण्याचे इंगित होय. दुप्पट झालेल्या भाराविरुद्ध मांड्यांनी केलेले ते काम झोक्यात ऊर्जेच्या रूपाने साठत जाते. कानाच्या अंतर्भागात, श्रवणाच्या इंद्रियाला लागूनच, कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिसूक्ष्म स्फटिकांचा एक थर असतो, आणि भार घटला किंवा वाढला की हे स्फटिक किंचित सरकून खालच्या संवेदनशील केसांना वाकवितात. पोटात गोळा आल्याच्या ज्या जाणिवेला आपण नुसते भय समजतो, तिचा उगम पुष्कळ अंशी या कानातल्या खळबळीत आहे.

फुगडीत याच इंद्रियाचा दुसरा भाग कामाला लागतो. दोघींनी समोरासमोर उभे राहून हातांची फुली करून पकड घ्यायची, पायांचे चवडे एकमेकींना भिडवायचे, आणि मग अंग मागे झोकून देऊन फिरू लागायचे. एक फेरा दोन सेकंदांत पुरा होत असेल आणि शरीराचा गुरुत्वमध्य अक्षापासून अर्धा मीटर दूर असेल, तर प्रत्येकीला आत खेचून धरण्यासाठी तिच्या वजनाच्या निम्म्याइतके बल लागते. वेग दुप्पट केला की तेच चौपट होते. त्यातील मोठा वाटा मनगटांच्या त्या पकडीने उचललेला असतो, आणि म्हणून फुगडीत एकीने हात सोडला तर दोघीही पडतात. कानातील परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव या फिरण्याबरोबर फिरू लागतो, आणि पाय थांबले तरी तो काही क्षण थांबत नाही. घर गरगर फिरताना दिसते ते यामुळे. या इंद्रियाच्या अभ्यासासाठी व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा ते रशियनांच्या युद्धबंदी छावणीत होते. त्यांनी रोग्यांना फिरत्या खुर्चीत बसवून जी भोवळ आणली, तीच आपल्या बायका हौसेने आणि गाणे म्हणत अंगावर घेत आल्या आहेत. खुर्चीत एकट्याने सोसलेली भोवळ नकोशी वाटते आणि मैत्रिणीच्या मनगटाला धरून घेतलेली हवीशी, हा भेद नलिकांतील द्रवाने उलगडत नाही. त्यासाठी मेंदूकडे वळावे लागते.

एस्टोनियात १९४३ साली जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत ओहायो राज्यात संशोधन केलेले याक पांकसेप यांनी आपल्या कारकिर्दीचा मोठा काळ एका अशा विषयाला दिला की ज्याला त्यांचे समव्यवसायी शास्त्राच्या दप्तरात दाखल करून घ्यायलाही फारसे राजी नव्हते: प्राण्यांचा आनंद. उंदरांची पिल्ले परस्परांशी लुटुपुटीची कुस्ती खेळतात, आणि खेळताना सुमारे ५० किलोहर्ट्झ कंपनसंख्येचा किलबिलाट करतात. मनुष्याच्या कानाची मजल २० किलोहर्ट्झपर्यंतच असल्यामुळे तो आपणास ऐकू येत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पांकसेप यांना असे आढळले की माणसाने पिल्लांना बोटांनी गुदगुल्या केल्या तरी ती तसाच आवाज काढतात, इतकेच नव्हे तर तो हात पुन्हा यावा म्हणून त्याच्या मागे धावतात. मेंदूचा वरचा थर, म्हणजे बाह्यक, जन्मानंतर लवकर काढून टाकलेली पिल्लेही खेळत राहतात, हा त्यांचा दुसरा निष्कर्ष. खेळाची प्रेरणा विचारबुद्धीच्या वरच्या मजल्यावर वसत नाही. भूक, भीती आणि वात्सल्य ज्या पुरातन थरांत राहतात, तिथेच तिचे बिऱ्हाड आहे, आणि वय वाढले म्हणून तो थर मेंदूतून नाहीसा होत नाही.

पांकसेप यांची आणखी दोन निरीक्षणे मला या विषयात सर्वांत मोलाची वाटतात. खेळणाऱ्या दोन उंदरांपैकी थोरला धाकट्याला अधूनमधून जिंकू देतो. तोच सदैव जिंकू लागला, तर धाकटा त्याला खेळायला बोलावणेच सोडून देतो. आणि पिंजऱ्यात मांजराच्या केसांची एक बट ठेवली की खेळ तत्क्षणी बंद पडतो, आणि ती बट काढून घेतल्यावरही काही दिवस पूर्ववत सुरू होत नाही. प्रत्यक्ष मांजर तिथे कधी आलेलेच नसते, तरी त्याचा वास पुरतो.

उंदरावरून स्त्रीविषयी अनुमान काढताना सावधगिरी बाळगलीच पाहिजे, हे मान्य. तथापि प्रौढ स्त्रीच्या हरवलेल्या बालसुलभ आनंदाविषयी आज जी शिबिरे भरतात, जिथे शुल्क घेऊन अंतरीचे मूल जागे करण्याचा उपदेश होतो, तिथे हे मूल निजले का, याचा विचार क्वचितच होतो. केंद्र सरकारने २०१९ साली केलेल्या कालविनियोगाच्या पाहणीत असे दिसले की घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. सोलापूरच्या पूर्व भागात हजारो स्त्रिया मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. तेंदूचे पान भिजवायचे, कात्रीने बेतायचे, तंबाखू भरायची, वळून दोऱ्याने बांधायची, आणि अशा हजार विड्या झाल्या की मजुरीचा हिशेब पुरा होतो. मान खाली, पाठ वाकलेली, बोटे चालू. या बाईला आनंद परत मिळवण्याचा उपदेश करण्याआधी तिला वेळ, जागा, सोबत आणि निर्भयता या चार गोष्टींची तजवीज कोण करून देणार, हे सांगितले पाहिजे. मांजराचा वास म्हणजे तिच्या बाबतीत काय, हे निराळे सांगायला नको: कोण पाहील, कोण काय म्हणेल, आणि घरी गेल्यावर काय ऐकावे लागेल.

आपल्या जुन्या सणांची थोरवी मला इथे दिसते, आणि तिच्यातील उणीवही. श्रावणातील मंगळवारी नवविवाहितेने लग्नानंतरची पाच वर्षे मंगळागौर पुजायची आणि रात्र जागवायची, हा शिरस्ता म्हणजे खेळण्याची सनदच होती. त्या रात्री झिम्मा, पिंगा, लाट्या, बसफुगडी, कोंबडा, नाच गं घुमा हे सर्व खेळणे धर्मकृत्य ठरत असल्यामुळे त्याला हरकत घेण्याची कोणाची प्राज्ञा नसे. सासू-सुनेचे भांडण हा तर खेळच होता, आणि त्यात सुनेला सासूवर मात करण्याची पूर्ण मोकळीक असे; धाकट्याला जिंकू देण्याचा जो नियम पांकसेप यांना पिंजऱ्यात सापडला, तो या रात्रीने आधीच ओळखला होता असे म्हणावेसे वाटते. हस्त नक्षत्रावरील हादग्यात, पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून झाल्यावर, खिरापत ओळखण्याचा प्रसंग येतो: झाकलेला डबा हलवून आवाज ऐकायचा, तिखट की गोड ते विचारायचे, आणि पन्नाशीच्या मावशीही लाडू की चिवडा यावरून हट्टाने वाद घालतात. अनपेक्षित लाभाच्या वेळी, आणि लाभाची चाहूल लागताच, मेंदूतील डोपामिनच्या पेशी उद्दीपित होतात, हे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरील प्रयोगांत नव्वदच्या दशकात दाखविले. खिरापतीची चव डबा उघडण्याच्या आधीच सुरू होते ती अशी.

परंतु या सनदेत विधवेचे नाव नव्हते. जिच्या वाट्याला दुःख अधिक आले, तिलाच खेळातून वगळायचे, हा या परंपरेवरील डाग आहे आणि तो कोणत्याही कौतुकाने झाकता कामा नये. सुदैवाने याच जिल्ह्यात त्याला एक जुने उत्तर आहे. आषाढात माउलींची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव करीत वाखरीला येते. त्या वाटेवर, रिंगण झाले की, सत्तरीच्या वारकरी बायका डोईवरची तुळस खाली ठेवून, पदर खोचून फुगडी धरतात. तिथे सवाष्ण आणि विधवा हा भेद विचारला जात नाही. बाई पुरुषाबरोबर, नात आजीबरोबर, अनोळखी अनोळख्याबरोबर फुगडी घालते. शिवाय पूर्व भागातील तेलुगुभाषक पद्मशाली स्त्रियांचा बतुकम्मा आहे: भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस तबकात तरवड, कुर्डू आणि झेंडूच्या फुलांची उतरंड रचायची, तिच्याभोवती टाळ्या वाजवीत फेर धरायचा आणि अखेरीस ती पाण्यात सोडायची. विड्या वळणारे हात त्या दिवसांत टाळ्या वाजवतात.

समूहाने, एका लयीत, श्रमाची हालचाल केल्याने शरीरात काय होते, याविषयी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग उल्लेखनीय आहे. विद्यापीठाच्या बारा नौकापटूंनी एकदा एकट्याने आणि एकदा संघाबरोबर सारख्याच श्रमाचा व्यायाम केला. नंतर रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याने दंड आवळून त्यांची वेदना सोसण्याची मर्यादा पाहिली, तेव्हा ती संघाबरोबरच्या व्यायामानंतर अधिक भरली. शरीर आपली अफूसदृश द्रव्ये, म्हणजे एंडॉर्फिने, सोडते याचे ते अप्रत्यक्ष गमक समजले जाते. त्याच गटातील रॉबिन डनबार यांनी २०११ साली सामूहिक हसण्याविषयी असाच निष्कर्ष काढला, आणि २०१७ साली फिनलंडमधील तुर्कू येथे मेंदूचे चित्रण करून, मित्रांबरोबर हसल्यावर ही द्रव्ये खरोखरच स्रवतात असे दाखविण्यात आले. मात्र तुर्कूचे बाराही जण पुरुष होते आणि ऑक्सफर्डचे नौकापटूही पुरुषच. शतकानुशतके फेर धरणाऱ्या, टाळ्या देणाऱ्या, खळखळून हसणाऱ्या बायका शास्त्राच्या मोजपट्टीखाली येण्याचे राहूनच गेले, याची मला मनापासून खंत वाटते.

हाडांच्या बाबतीत तेवढे दुर्लक्ष झालेले नाही. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते आणि हाडे विरळ होत जातात. हाडाला मात्र आघाताची भाषा कळते, आणि उडी मारून जमिनीवर टेकताना बसणारा धक्का त्याला नवे थर घालण्याची सूचना देतो. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हाडे विरळ झालेल्या एकशे एक प्रौढ स्त्रियांपैकी ज्यांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, तज्ज्ञांच्या नजरेखाली भारोत्तोलन आणि उड्या यांचा व्यायाम केला, त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वाढली. झिम्म्यात आणि पिंग्यात अशी टेकणी शेकड्यांनी होतात. पण साठीच्या बाईने थेट बसफुगडीला हात घालू नये. गुडघे दुखरे असतील, अस्थिभंगाचा पूर्वेतिहास असेल, मान फिरवताच भोवळ येत असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला, मग टाळ्यांचा फेर, मग उभी फुगडी असा क्रम ठेवावा. फुगडीतील पकवा, तोंडाने लयीत काढायचा तो दमदार फूत्कार, मात्र कोणत्याही वयात काढता येतो, आणि लांब उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते हे शरीरशास्त्राला ठाऊक आहे.

सोलापुरात या विषयाचा अभ्यास करण्यासाठी लागणारे सर्व काही आहे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून इथे आहे, विद्यापीठ २००४ पासून. वारी दर आषाढात येते, बतुकम्मा दर वर्षी होतो, आणि कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरे आहेत. रक्तदाबाचा एक पट्टा, एक घड्याळ आणि संमतिपत्र एवढ्या सामग्रीवर ऑक्सफर्डचा प्रयोग इथे करता येईल: एका संध्याकाळी बायकांनी एकेकट्याने तितकाच वेळ आणि तितक्याच गतीने पावले टाकावीत, दुसऱ्या संध्याकाळी फेर धरून गाणी म्हणत, आणि दोन्ही वेळा पावले थांबल्यावर पाच मिनिटांच्या आत पट्टा आवळून नोंद घ्यावी. दोन संध्याकाळींचा क्रम निम्म्या जणींसाठी उलटा ठेवला पाहिजे, नोंद घेणारी व्यक्ती स्त्रीच असली पाहिजे, आणि त्या दोन्ही दिवशी प्रत्येकीला हजार विड्यांची मजुरी आधीच चुकती केलेली असली पाहिजे.