मुलांच्या सेवेसाठी परदेशी जाताय? थोडे थांबा!

गेल्या महिन्यात एका रविवारी, विहारातील वंदना आटोपून आम्ही घरी येऊन बसतो न बसतो तोच वस्तीतील एक बांधव दारात उभे राहिले. महापालिकेच्या सफाई खात्यात नोकरी, निवृत्तीला चार वर्षे उरलेली. हातात पतपेढीचा कर्जाचा अर्ज. "भाऊ, जामीन म्हणून तुमची सही पाहिजे," एवढेच म्हणाले. कर्ज मुलीच्या लग्नासाठी नव्हते की घराच्या डागडुजीसाठी नव्हते. त्यांची मुलगी बालवाडी शिक्षिकेचा कोर्स पुरा करीत आहे. तिला दोन आठवड्यांसाठी श्रीलंकेला जायचे होते. तेथील समुद्रकाठच्या एका अनाथाश्रमात राहून मुलांची सेवा करायची होती.

मुलीने मोबाईलवर जाहिरात दाखवली. नारळाची झाडे, निळा समुद्र, आणि एका गोऱ्या तरुणीच्या मांडीवर बसलेले सावळे, हसरे मूल. खाली दर दिला होता: दोन आठवड्यांचे ८५,००० रुपये. विमानभाडे, व्हिसा आणि विमा वेगळा. सगळे मिळून सव्वा लाखाच्या घरात जाणारा खर्च, आणि तोही कर्ज काढून.

आमचे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. त्यामुळे आम्ही मुलीला दोनच प्रश्न त्या एजंटाला विचारायला सांगितले. पहिला, या ८५ हजारांतील मुलांच्या ताटात किती पडणार? दुसरा, सेवेला येणाऱ्या माणसाची पात्रता आणि चारित्र्य कोण तपासणार? पहिल्या प्रश्नावर उत्तर आले, "ती संस्थेची अंतर्गत बाब आहे." दुसऱ्यावर उत्तर आले, "पात्रतेची अट नाही, मुलांवर प्रेम असले की पुरे." म्हणजे पैसे भरील त्याला मूल मांडीवर घ्यायला मिळणार! आपल्या वस्तीच्या बालवाडीत कोणी अनोळखी माणूस पैसे देऊन मुलांमध्ये बसायला आला, तर आपण त्याला आत येऊ देऊ का?

आम्ही त्या दिवशी सही केली नाही. मुलगी रागावली. म्हणाली, "काका, शिकल्यासवरल्या घरच्या मुली परदेशी जाऊन सेवा करतात, तेव्हा त्यांचे फोटो छापून येतात. आमची पाळी आली की हिशेब? बाबासाहेब नव्हते का गेले श्रीलंकेला?"

प्रश्न चुकीचा नव्हता. १९५० साली विश्व बौद्ध भ्रातृत्व परिषदेसाठी बाबासाहेब तेव्हाच्या सिलोनला गेले होते. पण ते तेथील बौद्ध जीवन डोळ्यांनी पाहायला, समजून घ्यायला गेले होते. आपल्या मुलींनीही जावे, अवश्य जावे. मात्र कशासाठी आणि कोणाच्या पैशाने, हे पाहून जावे. पुढचे चार शब्द त्या मुलीसाठी आणि तिच्यासारख्या इतर मुलामुलींसाठी आहेत.

आम्ही पाहिलेला अनाथाश्रम

काही वर्षांपूर्वी आमच्या विहारातील तीस उपासक-उपासिकांसोबत आम्ही सहकुटुंब श्रीलंकेची धम्मयात्रा केली. अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहिला, कँडीचे दंतविहार पाहिले. दक्षिणेकडील समुद्रकाठाने परतताना बसच्या गाईडने एका बालगृहापाशी गाडी थांबवली. मुले रांगेत उभी होती. त्यांनी गाणे म्हटले, नाच केला. आम्ही बिस्किटे वाटली, दानपेटीत नोटा टाकल्या, फोटो काढले. चारेक वर्षांच्या एका मुलीने आमच्या पत्नीच्या साडीचा पदर धरला, "अम्मा, अम्मा" म्हणत कडेवर चढली आणि उतरेना. शेवटी एका बाईने तिची बोटे एकेक करून सोडवली. बस सुटल्यावर गाईड सहज बोलून गेला, "उद्या दुसरी बस येणार आहे."

त्या रात्री आमच्या पत्नीने जेवणाला हात लावला नाही. "आपण तिला काय दिले हो? बिस्किट दिले आणि टाकून आलो," असे ती म्हणाली. आम्ही दान केले असे दिवसभर समजत होतो. त्या एका वाक्याने आमचा सगळा जमाखर्च उलटा झाला.

ती मुले खरेच अनाथ असतात का?

पुढे आम्ही या विषयावर जमेल तेवढे वाचले. 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेने २००९ साली जगासमोर मांडले की, संस्थांमध्ये राहणाऱ्या दर पाच मुलांपैकी चौघांचे आई किंवा वडील, निदान एक तरी पालक हयात असतो. मग मूल अनाथाश्रमात कसे जाते? गरिबीने जाते. शिक्षण मिळेल, पोटभर अन्न मिळेल या आशेने आईबापच नेऊन सोडतात. आणि जेथे मुलांना पाहायला पाहुणे येतात व पाहुण्यांबरोबर पैसा येतो, तेथे मुले घरी परतावीत असे चालकांना वाटेनासे होते. मूल घरी गेले की देणगी गेली!

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने श्रीलंकेत ३० हजारांहून अधिक माणसे नेली. पूर्व किनाऱ्यावर कलमुनै येथील रुग्णालयात त्या दिवशी ढिगाऱ्यातून काढलेले एक तान्हे बाळ आणले गेले. नाव नाही, गाव नाही. त्या दिवशीचा तो ८१ वा रुग्ण, म्हणून जगाने त्याला ८१ क्रमांकाचे बाळ म्हटले. त्याचे आईवडील जिवंत होते. पण ते आपलेच मूल आहे हे त्यांना कोर्टात सिद्ध करावे लागले. फेब्रुवारी २००५ मध्ये रक्ताच्या नात्याची तपासणी झाली, तेव्हा कुठे बाळ आईच्या कुशीत गेले. अनाथ दिसणारे प्रत्येक मूल अनाथ नसते, हे यावरून ध्यानात यावे.

येथे एक शंका येईल. आपल्यापैकी कितीतरी जण वसतिगृहात राहूनच शिकले. मग वसतिगृह वाईट का? नाही. वसतिगृहात आपण शिकायला गेलो, दिवाळीत आणि मे महिन्यात घरी आलो, आईबापांची पत्रे येत राहिली. कोणी आपल्याला अनाथ म्हणून पाहुण्यांपुढे उभे केले नाही. पायजमा फाटका असेल, पण आपण कोणाचे आहोत हे आपल्याला ठाऊक होते. फरक तेथे आहे.

येणारी माणसे, जाणारी माणसे

लहान मुलाला रोज तेच हात लागतात. तोच आवाज, तोच वास, भरवणारी तीच व्यक्ती. त्यातून त्याचा जगावर विश्वास बसतो. दर पंधरा दिवसांनी नवी ताई आली, तिने जीव लावला आणि निघून गेली, तर मूल दर पंधरा दिवसांनी एक माणूस गमावते. पुढे पुढे ते रडतही नाही. येईल त्याच्या कडेवर चढते. आपल्याला वाटते, किती माणसाळलेले मूल! खरे तर जी मुले घरात सुरक्षित वाढतात, ती परक्याकडे जाताना आधी आईच्या तोंडाकडे पाहतात. आमच्या पत्नीच्या पदराला लोंबकळलेली ती मुलगी मायाळू असेलच, पण तिला कोण आपले आणि कोण परके हे कळण्याची सोयच कोणी ठेवली नव्हती.

हे आता जगानेही मान्य केले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१९ मध्ये आईबापांच्या छत्राविना वाढणाऱ्या मुलांविषयी ठराव केला. त्यात अनाथाश्रमांतील अशा स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीकडे सरकारांनी लक्ष द्यावे, असे स्पष्ट म्हटले आहे.

बेटाला हातांची वाण नाही

दुसरी गोष्ट. आपण सेवेला जातो म्हणजे तेथे कोणी करणारे नाही, असा आपला समज असतो. श्रीलंकेत सरकारी शाळांपासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण १९४५ पासून मोफत आहे. साक्षरतेत ते बेट आपल्या पुढे आहे. रविवारी सकाळी पांढरे कपडे घातलेली मुले विहारांकडे निघालेली आम्ही गावोगाव पाहिली. त्यांच्या धम्मशाळेला तेथे 'दहम् पासल' म्हणतात. तेथे शिकवणारे तरुण-तरुणी पगार घेत नाहीत. गावच्या मुलांना गावचीच मुले शिकवतात, आणि पुढच्या रविवारीही तीच येतात.

सेवा म्हणजे काय हे शिकायचेच असेल, तर त्याच बेटावर एक मोठा धडा आहे. कोलंबोच्या नालंदा महाविद्यालयात ए. टी. अरियरत्ने नावाचे शिक्षक होते. १९५८ साली ते आपल्या विद्यार्थ्यांना आणि सहशिक्षकांना घेऊन कनतोलुवा नावाच्या गावात राहायला गेले. हे गाव रोडी जातीचे होते. बौद्ध देश असूनही तेथे ही जमात अस्पृश्य मानली जाई, भीक मागून जगे. धम्म आला म्हणून जात आपोआप जात नाही, ती घालवावी लागते. याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? शहरातील चांगल्या घरची ती मुले त्या वस्तीत राहिली, वस्तीच्या लोकांबरोबर जेवली, त्यांच्याबरोबर खोदकाम केले. या उपक्रमाला नाव दिले 'श्रमदान'. शब्द त्यांचाही तोच, आपलाही तोच.

त्यातूनच 'सर्वोदय श्रमदान' ही चळवळ उभी राहिली. नाव गांधीजींच्या परंपरेतले असले, तरी अरियरत्ने यांनी त्याचा अर्थ 'सर्वांची जागृती' असा बौद्ध अंगाने लावला. कोलंबोजवळ मोरटुवा येथे तिचे मुख्यालय आहे आणि हजारो गावांत तिचे काम पोहोचले आहे. अरियरत्ने यांना १९६९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १६ एप्रिल २०२४ रोजी ते निवर्तले.

या चळवळीची एक रीत आम्हाला फार आवडली. गावातील बालवाडीत येणाऱ्या गरिबातल्या गरीब मुलालाही काहीतरी आणायला सांगत. काय? तर काड्यापेटीभर तांदूळ! तेवढे कोणाच्याही घरात असतात. मूल ती काड्यापेटी घेऊन येते आणि सर्वांच्या भांड्यात ओतते. त्या क्षणी ते घेणारे राहत नाही, देणारे होते. आमच्या बसने बिस्किटे वाटून मुलांना हात पसरायला शिकवले. काड्यापेटीने त्यांना ताठ उभे राहायला शिकवले.

जाण्यापूर्वी हे विचारा

आपल्या मुलामुलींना परदेशी सेवेला जायचेच असेल, तर आईवडिलांनी एवढ्या गोष्टी विचारून घ्याव्यात:

१. काम कोणी मागितले आहे? तेथील गावाने, शाळेने मागितले की एजंटाने तयार केले?

२. काम मुलांना हाताळण्याचे आहे की शिक्षकांना, परिचारिकांना मदत करण्याचे? दुसरे असेल तरच पुढे बोला.

३. पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात का? न मागणाऱ्या संस्थेत मुले सुरक्षित नाहीत, असे समजा.

४. बालगृह असेल तर ते सरकारकडे नोंदलेले आहे का, आणि मुलांना घरी परत पाठवण्यासाठी ते काय करते? श्रीलंकेत बालसंरक्षणासाठी १९९८ च्या कायद्याने राष्ट्रीय प्राधिकरण स्थापन झालेले आहे.

५. व्हिसा कोणता? पर्यटकाचा व्हिसा फिरण्यासाठी असतो. बिनपगारी कामही त्यावर चालते का, हे एजंटाला न विचारता मुंबईतील श्रीलंकेच्या वाणिज्य दूतावासात विचारा.

६. पैशाचा हिशेब लेखी मिळतो का? मिळत नसेल तर कर्ज काढू नका.

आणि सगळ्यात शेवटी स्वतःला विचारा: हे काम मी माझ्या वस्तीत वर्षभर केले आहे का? जे हात घरी शिकले नाहीत, ते विमानात बसून काय शिकणार?

आमची सही

त्या मुलीशी आम्ही दोन-तीनदा बोललो. एके संध्याकाळी आमच्या पत्नीने तिला पदर धरणाऱ्या मुलीची हकीकत सांगितली, तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. नंतर म्हणाली, "म्हणजे मीसुद्धा पंधरा दिवसांची ताईच झाले असते."

सध्या ती दर रविवारी विहारात लहान मुलांचा वर्ग घेते. एकोणीस मुले येतात. तिने त्यांना काड्यापेटीची गोष्ट सांगितली. पुढच्या रविवारी अकरा मुलांनी काड्यापेटीतून तांदूळ आणले, एकाने साखर आणली. खिचडी काही तेवढ्यात शिजली नाही, उरलेली भर आम्ही घातली. पण वाढायला मुलेच उभी राहिली.

कोर्स पूर्ण झाल्यावर बालवाडीच्या शिक्षिकांबरोबर तीन महिने काम शिकायला मिळेल का, असे विचारणारे पत्र तिने श्रीलंकेतील एका संस्थेला लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही. तिच्या वडिलांचा अर्ज आमच्या कपाटात तसाच आहे. त्यांना आम्ही सांगून ठेवले आहे, "तिकडून बोलावणे येऊ द्या आणि हिशेब लेखी येऊ द्या. जामिनाची सही आमची."