रुग्णाजवळ बसणाऱ्याचे काय?

कर्करोगाचे निदान झाले की रुग्णाच्या नावाने एक फाइल तयार होते. गाठीचा आकार, रक्तातील पेशींची संख्या, औषधाची मात्रा, सारे काही तिच्यात नोंदवले जाते. मात्र त्या रुग्णाला हाताला धरून आणणारी, रात्रभर उशाशी जागणारी व्यक्ती त्या फाइलीत 'सोबतचे नातेवाईक' या दोन शब्दांपलीकडे जात नाही. गेल्या काही दशकांत संशोधकांनी मात्र या व्यक्तीकडे लक्ष वळवले असून, त्यांचे निष्कर्ष आपल्या घरांतील काही समजुतींना धक्का देणारे आहेत.

उदाहरण साकीनाक्याचेच घेऊ. खैरानी रोड, काजूपाडा, जरीमरी हा छोट्या कारखान्यांचा आणि त्याहून छोट्या खोल्यांचा परिसर. येथील कित्येक घरांची चूल रोजंदारीवर पेटते. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे काही आठवडे चालतात. म्हणजे रोज मेट्रोने घाटकोपर, तेथून लोकलने परळ आणि पुढे टाटा रुग्णालय. मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून पहिला टप्पा सुसह्य झाला. लोकलमधील अपंगांसाठीच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णालाही मुभा आहे. सकाळची गाडी घाटकोपरला येते ती भरूनच, ही गोष्ट निराळी. या प्रवासात रुग्णाबरोबर आणखी एका माणसाचा रोज बुडतो. उपचारांच्या बिलात तो खर्च कोठेही दिसत नाही.

हा भार मोजायचा कसा? अमेरिकेतील स्टीव्हन झॅरिट यांनी १९८० मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या आप्तांसाठी एक प्रश्नावली तयार केली. तिचे २२ प्रश्नांचे रूप पुढे कर्करोगाच्या अभ्यासातही वापरले गेले. स्वतःसाठी वेळ उरतो का, प्रकृती ढासळते आहे का, पैसा पुरेल का, असे साधेच प्रश्न. पण ते विचारले जाण्याची अनेकांची ती पहिलीच वेळ असते. १९९९ मध्ये रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी वृद्ध जोडप्यांचा चार वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण जाणवणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण, अशी जबाबदारी नसलेल्यांच्या तुलनेत, ६३ टक्क्यांनी अधिक आढळले. शुश्रूषा करूनही ताण न जाणवणाऱ्यांमध्ये अशी वाढ दिसली नाही. हा अभ्यास केवळ कर्करोगापुरता नव्हता. तरीही सेवा माणसाला खचवत नाही, एकट्याने आणि आधाराविना केलेली सेवा खचवते, असा त्याचा अर्थ लावता येतो.

'आमच्याकडे कुटुंबच मोठे, आम्हाला वेगळ्या आधाराची गरज काय?' असे आपल्याकडे अभिमानाने म्हटले जाते. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. घरात सहा माणसे असली तरी शुश्रूषा बहुधा एकाच व्यक्तीच्या वाट्याला येते आणि ती पत्नी, सून किंवा मुलगी असते. बाकीचे सल्ला देतात. त्यातच रुग्णाला आजाराचे नाव कळू द्यायचे नाही, असे अनेक घरांत ठरते. दहा बाय बाराच्या खोलीत हे गुपित राखणाऱ्या व्यक्तीला रडायलाही जिन्यात जावे लागते. रुग्णाला बहुतेक वेळा सारे उमगलेले असतेच. दोघे एकमेकांपासून लपवत राहतात, इतकेच.

आधार म्हणजे सहानुभूतीचे चार शब्द नव्हेत. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२२ आप्तांना परिचारिकांनी दूरध्वनीवरून मार्गदर्शन केले: आठवड्याला एक अशी तीन सत्रे आणि पुढे महिन्याला विचारपूस. हे मार्गदर्शन लगेच मिळालेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणे, तीन महिने उशिरा मिळालेल्यांपेक्षा, कमी आढळली. जीवनमानात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. मोबाइल आज वस्तीतही घरोघरी आहे; अशा उपक्रमाला इमारत लागत नाही.

शिकवण्याजोग्या गोष्टीही ठोस आहेत. केमोथेरपीनंतर १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, हे घरातल्या माणसाला ठाऊक हवे. मॉर्फिन वेदना असह्य होण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळीच द्यायचे असते आणि त्याने होणाऱ्या बद्धकोष्ठावर औषध सोबतच लागते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस कशी बदलावी, हेही कोणीतरी हाताने करून दाखवावे लागते. पुण्यात वारज्याला १९९७ पासून असलेल्या सिप्लाच्या उपशामक सेवा केंद्रात रुग्णासोबत घरच्या माणसालाही राहता येते आणि हे शिकता येते. मुंबईत वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून अखेरच्या टप्प्यातील रुग्णांना सांभाळते. टाटा रुग्णालयाच्या उपशामक विभागाचे पथक शहरात घरी जाऊनही रुग्ण पाहते. उपशामक सेवा म्हणजे 'आता काही उरले नाही' असा निरोप, ही भीती मात्र अनेकांना तेथवर पोहोचू देत नाही. वास्तविक ती उपचारांबरोबरच सुरू करता येते.

पहिल्याच भेटीत रुग्णालयातील समाजसेवा विभागाची पायरी चढावी. आर्थिक मदत, प्रवासातील सवलत आणि समुपदेशन यांची माहिती तेथे मिळते. शेजाऱ्यांनी फळे आणण्याऐवजी आठवड्यातील एक दिवस परळची फेरी आपल्याकडे घेतली, तर त्या घरातील एकाला त्या दिवशी कामावर जाता येईल.