पडद्यावरचे ऊन

सिनेमातले ऊन खरे की खोटे, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. आणि तो न येण्यातच दिवे लावणाऱ्याचे यश असते. पडद्यावर सकाळ झाली आहे, दारातून कोवळे ऊन आत आले आहे, एवढे आपण मुकाट्याने मान्य करतो आणि गोष्टीच्या मागे लागतो. पण एखाद्या वेळी कुठेतरी खटकते. ऊन दिसते खरे, पण ते दिव्याचे वाटते. नेमके काय चुकले हे सांगता येत नाही, आणि तरीही गोष्टीवरचा विश्वास उडतो. असे का होते आणि ते कसे टाळावे, याचा आज थोडा विचार करू.

आपल्याकडे चित्रपटाचा जन्म उन्हातच झाला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली लोकांपुढे आला, तो सूर्याच्या भरवशावर चित्रित केलेला होता. पुढे 1923 च्या 'सिंहगड'मध्ये कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. मग बोलपट आला. 1932 साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला. आवाज टिपायचा म्हणजे बाहेरचा गलबला नको, म्हणून चित्रण बंद स्टुडिओत गेले. ऊन बाहेर राहिले आणि आत दिव्यांनी त्याची जागा घेतली. आज तरुण मंडळी हातातल्या फोनवरसुद्धा लघुपट करतात, आणि ते खऱ्या घरांत करतात. म्हणून हा प्रश्न आता स्टुडिओपुरता राहिलेला नाही. तो गावोगावच्या ओट्यांवर येऊन पोहोचला आहे.

समजा, पालघर तालुक्यातल्या माकुणसारला एका कौलारू घरात असा प्रसंग घ्यायचा आहे. मुलगा पहिल्यांदा नोकरीला निघाला आहे, सकाळची गाडी गाठायची आहे, आणि आई ओटीवर त्याच्या हाती डबा देते आहे. पडद्यावर हा प्रसंग तीन मिनिटांचा. चित्रणाला मात्र सहा तास सहज लागतात. सूर्य तर तासाला 15 अंश सरकतो. आईचे अर्धे वाक्य घेतले तेव्हा उन्हाची तिरीप उंबऱ्यावर होती. उरलेले घेईपर्यंत ऊन डोक्यावर आले आणि ओटी सावलीत गेली. दोन्ही तुकडे जोडले की आई एकाच वाक्यात सकाळ आणि दुपार दोन्ही पाहते! म्हणून दिवा लागतो. अशा वेळी बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती वॅटचा आणायचा?" माझे म्हणणे असे की, हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी पाहावे की सूर्य ओटीवर येऊन करतो तरी काय?

पहिली गोष्ट, सूर्य दूर आहे. सुमारे पंधरा कोटी किलोमीटर. त्यामुळे उंबऱ्यावर उभ्या असलेल्या मुलावर जेवढे ऊन पडते, तेवढेच चार पावले मागे असलेल्या आईवर पडते. दिव्याचे तसे नाही. अंतर दुप्पट झाले की दिव्याचा उजेड चौथाई होतो. दिवा मुलापासून 3 मीटरवर ठेवला आणि आई त्याच्या मागे दीड मीटरवर असली, तर तिला मुलाच्या निम्म्याहूनही कमी उजेड मिळेल. तोच दिवा 12 मीटर मागे नेला, तर तिला जवळजवळ चार पंचमांश उजेड मिळतो, आणि डोळ्याला ते ऊन वाटू लागते. खोटे ऊन पकडले जाते ते पुष्कळदा इथेच: पुढचा माणूस भगभगीत आणि मागचा अंधारात. अर्थात दूर जाण्याची किंमत पडते. 3 मीटरवरून 12 मीटरवर गेलो की सोळापट ताकदीचा दिवा हवा. मोठ्या कंपन्या अठरा अठरा हजार वॅटचे दिवे आणि जनरेटरच्या गाड्या आणतात, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

दुसरी गोष्ट सावलीची. आकाशात सूर्याचे बिंब जेमतेम अर्ध्या अंशाचे दिसते. म्हणून खिडकीच्या गजाची सावली मीटरभर अंतरावर पडली तर तिची कड सुमारे एक सेंटिमीटरच पुसट होते; आणि उंच माडाच्या झावळीची सावली जमिनीवर येईपर्यंत चांगली ढोबळ होते. वाडीत पानांच्या फटींतून जमिनीवर जे गोल कवडसे पडतात, ती खरे म्हणजे सूर्याचीच चित्रे असतात. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. आता हिशेब करा. 25 सेंटिमीटर भिंगाचा दिवा सूर्याएवढा लहान दिसायला हवा असेल, तर तो 27 मीटर दूर न्यावा लागेल. एवढी जागा कुणाच्या अंगणात असते? पण दिवा जेवढा मागे नेता येईल तेवढा न्यावा, आणि त्याच्यापुढे पांढरे कापड लावून त्याचे ऊन मवाळ करू नये.

तिसरी गोष्ट, सूर्य एकच आहे. खरे पाहता सर्वांत मोठी फसगत इथे होते. दोन दिवे दोन बाजूंनी लावले की भिंतीवर दोन सावल्या पडतात, आणि दोन सावल्या दिसल्या की प्रेक्षकाच्या मनात दोन सूर्य उगवतात. उन्हासाठी दिवा एकच असावा. मग सावलीतला उजेड कुठला? तो आभाळाचा, समोरच्या भिंतीचा आणि सारवलेल्या अंगणाचा. तो सगळीकडून येतो आणि स्वतःची सावली पाडत नाही. त्याची नक्कल करायची तर दिवा माणसावर न रोखता पांढऱ्या कापडावर किंवा थर्मोकोलच्या पाट्यावर मारावा आणि परतलेला उजेड घ्यावा. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी (1956) काशीच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले होते. छायाचित्रकार सुब्रत मित्रांनी त्या अंगणावर पांढरे कापड ताणले आणि खालून त्यावर दिवे मारले. अंगणात आभाळ उतरले! हा उपाय दिव्यांच्या श्रीमंतीतून आलेला नाही, निरीक्षणातून आलेला आहे.

चौथी गोष्ट रंगाची. प्रकाशाचा रंग केल्विन या मापाने सांगतात. आकडा लहान तेवढा उजेड पिवळा-तांबूस, मोठा तेवढा निळसर. भर दुपारचे ऊन साधारण 5500, उगवत्या-मावळत्या सूर्याचे त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि नुसत्या निळ्या आभाळाखालची सावली 8000 किंवा त्याच्याही वर. जुना हॅलोजन दिवा 3200 चा असतो. 1970 च्या दशकात प्रचारात आलेले एच.एम.आय. दिवे 5600 चे, म्हणून दुपारच्या उन्हाला ते हवेत. पण आपला प्रसंग सकाळचा आहे! कॅमेरा दुपारच्या रंगावर ठेवला तर स्वस्तातला हॅलोजन आपोआप सोनेरी दिसतो. त्याच्यावर निळा जिलेटिन कागद लावून निम्म्याहून जास्त उजेड वाया कशाला घालवायचा? सावलीत थोडी निळसर छटा राहू द्यावी. सकाळ त्या दोन रंगांच्या शेजारामुळेच सकाळ वाटते.

एलईडी दिवे आता हाताशी आले आहेत. ते वीज थोडी खातात आणि तापतही कमी. पण स्वस्त एलईडीत लाल रंग पुष्कळदा अपुरा असतो आणि माणसाचा चेहरा आजारी दिसतो. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा सोपी परीक्षा अशी: आपला तळहात दिव्याखाली धरून कॅमेऱ्यातून पाहावा, मग उन्हात धरून पाहावा. दिव्याखाली त्याची लाली गेली तर तो दिवा घेऊ नये. तो लुकलुकतो का, तेही कॅमेऱ्यातूनच तपासावे.

आता ताकदीचा प्रश्न. भर उन्हाचा उजेड सुमारे एक लाख लक्स, घरातला काही शेकडा. एक लाखाशी झुंजण्याचे कारण नाही. कॅमेरा सूर्याची ताकद मागत नाही, तो प्रमाण मागतो. उजेडातला भाग सावलीच्या काही पट उजळ असला की त्याचे भागते. म्हणून ओटीच्या बाजूंना काळे कापड लावून बाहेरचा उजेड अडवावा, म्हणजे हजार-दोन हजार वॅटमध्येही ऊन उभे राहते. दिव्याची उंचीही घड्याळाप्रमाणे ठरवावी. सूर्योदयानंतर तासाभराने सूर्य सुमारे 14 अंशांवर असतो आणि सावली माणसाच्या चौपट लांब पडते. दिवा 10 मीटरवर असेल तर तो चेहऱ्यापेक्षा अडीच मीटर वर, एवढेच पुरे. आणि दिशा? माकुणसारच्या किनाऱ्याला समुद्र पश्चिमेला. त्या बाजूने सकाळचे ऊन आणले तर परगावच्या माणसाला कदाचित कळणार नाही. गावचा माणूस मात्र लगेच हसेल.

अंगण लहान असेल तर आरसा कामी येतो. दिवा आरशावर मारला की दिव्यापासून आरशापर्यंतचे आणि आरशापासून माणसापर्यंतचे अशी दोन्ही अंतरे जमेस धरली जातात. थोड्या जागेत दिवा दूर जातो. आरशाचा मोठा धडा व्ही. के. मूर्ती यांनी 'कागज के फूल'मध्ये (1959) दिला. गुरुदत्तच्या या चित्रपटातला प्रकाशाचा तो भव्य झोत आठवा. दिव्याचा झोत पसरतो, सूर्याचा जवळजवळ पसरत नाही. म्हणून मूर्तींनी दोन मोठे आरसे लावून बाहेरचे ऊनच स्टुडिओत आणले. दिव्यांनी भरलेल्या मुंबईच्या स्टुडिओत सूर्याला आत बोलवावे लागले, यातच सगळे आले.

एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. हॅलोजन भयंकर तापतो. सुक्या झावळ्या, पडदे त्यापासून दूर ठेवावेत. एच.एम.आय.ची काच तडकली असेल तर तो लावूच नये, त्यातली अतिनील किरणे डोळे आणि कातडी जाळतात. आणि शिंपलेल्या वाडीत, ओल्या जमिनीवर, अर्थिंग नसलेली वायर टाकून चित्रण करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

लघुपट करणारी मुले बहुधा पदरचे पैसे घालतात, क्वचित उसनेही घेतात. त्यांनी मोठा दिवा भाड्याने आणण्यापूर्वी एक पूर्ण दिवस त्या ओटीवर वहीपेन्सिल घेऊन बसावे. दर तासाला तिरीप कुठे येते, सावली किती लांब आहे, भिंतीवर कोणता रंग आहे, हे टिपावे. त्या वहीतूनच कळेल की दिवा कुठला, किती दूर आणि किती उंच. हे काम बिनपैशाचे आहे, आणि त्यानंतर भाड्याला जाणारा पैसा निम्म्यावर आला तरी आश्चर्य वाटायला नको.